पाय उघडे ठेवून

सकाळी सातला मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडतो
आणि काळ्या व्होल्टाच्या खडकावर बसतो.
काम एवढंच:
माशीनं यावं, पोटरीवर टेकावं,
आणि तिनं तोंड खुपसायच्या आत
मी वरून काचेची नळी पालथी घालावी.
नळीवर वेळ लिहायची. पुन्हा बसायचं.

गावात हसतात. म्हणतात, देर,
लोक शेळ्या राखतात, तू माश्या राखतोस.
हसू देत. पगार महिन्याच्या महिन्याला येतो.
म्हणजे, कधी दोन महिन्यांनी.

पाणी जिथं दगडांवर आपटून फेसाळतं
तिथंच तिचा पाळणा.
साचल्या डबक्याकडे ती ढुंकून बघत नाही.
नदी जितकी बोलकी तितकी डोळ्यांना वाईट,
असं म्हातारी माणसं सांगायची.
काठची सुपीक जमीन टाकून
अख्खं गाव टेकाडावर, मुरमाडात गेलं
तेव्हा मी आईच्या पाठीवर होतो.

बाबांचे डोळे त्याआधीच गेले.
दारापासून ज्वारीच्या शेतापर्यंत
त्यांनी अंबाडीचा दोर बांधून घेतला,
खुंट्याखुंट्यांवरून.
तो चाचपत जायचे, खुरपायचे,
आणि चुकून पीक उपटून तण राखलं
तर आई काही बोलायची नाही.

परवा आयूओ गोळ्या घेऊन आली.
तिच्याकडे वजनकाटा नाही, रंगवलेली काठी आहे.
पाठ लावून उभं राहायचं,
डोकं ज्या पट्ट्याला लागेल तेवढ्या गोळ्या.
माझ्या मुलीला गेल्या साली दोन, यंदा तीन:
दिवसभर सगळ्यांना तीन बोटं दाखवत हिंडली.
बाबा आता कमरेत वाकलेत,
त्यांच्या चारच्या तीन झाल्या.

रांगेतल्या एका नव्या सुनेनं विचारलं,
यानं गेलेले डोळे येतात का हो?
नाही, बाबा म्हणाले.
मग कशाला घेता?
त्यांनी गोळ्या पाण्याबरोबर गिळल्या,
आ करून आयूओला दाखवलं,
मग म्हणाले,
मला चावलेली माशी उद्या तुझ्या पोराला चावणार.
माझ्याकडून तिनं काही घेऊन जाऊ नये.

रात्रभर नडग्या खाजवत होते.

आज सहापर्यंत नळ्यांत चारच.
त्यांची डोकी राजधानीत तपासतील,
आत जंत आहे का नाही
ते पावसाळा उलटल्यावर कळेल.
पाचवी निसटली. मला डुलकी लागली होती.
पोट लाल करून, जड होऊन,
पाण्यावरून पलीकडे गेली.

घरी सांगितलं तर बाबा काही वेळ गप्प.
मग, नुसतंच रक्त नेलं ना?
नुसतंच.
नेऊ दे. नदीकाठी राहायचं तर तेवढं द्यावं.

आणि दोर सैल झालाय, म्हणाले,
तिसऱ्या खुंटीपाशी.
उद्या ओढून बांध.