काट्यावर मावेल एवढं

पेटी ठेवायची म्हटली तेव्हा दोघंही बोलले,
माह्या हद्दीत नको.
म्हणून ती धुऱ्यावरच आहे, चार विटांवर.
अलीकडे देकाट्यांचा जवस,
पलीकडे भोयरांची करडई.

दुपारभर सातेऱ्या उतरतात, मागच्या पायांना गोळ्या,
निळसर राखाडी, पिवळ्याजर्द,
मधूनच पांढुरक्या: कोणाच्या तरी परसातला
फुलावर आलेला सांभार.
गोळी घरात झाडायची, पुन्हा उडायचं.
आतल्या माश्या डोक्यानं ठोकून थर बसवतात,
तोंडची लाळ, थेंबभर मध,
वरून मधाचंच पातळ सारवण.
मग कोणी हात लावत नाही.
धापोड्यांचं पीठ आंबतं तसं
अंधारात, त्यांच्याच उबेत
ते आपलं आपण होत राहतं.

पंधरा दिवसांनी धूर दिला, चौकट उचलली.
देवका देकाटे नाकाला पदर लावून वाकली.
बाभळीच्या काट्यानं मी एक घर कोरलं,
तिच्या तळहातावर टेकवलं.
रंग विझले होते. थराची रेघ तेवढी होती.

"गोड नाही वं. आंबट लागून राह्यलं."
ही त्यांची भाकर, मी म्हटलं,
दाया खातात, मग अळ्यांसाठी त्यांना दूध फुटतं.
"कोनत्या वावरातलं हाय?"
मी रेघ दाखवायला गेले,
ती तर तिच्या तोंडात.

तेवढ्यात पाणी वळवता वळवता
नीलकंठ भोयरानं पलीकडून विचारलं,
काय खाऊन राह्यली?

"तुही करडई," देवका म्हणाली
आणि काटा चाटला.

मी झाकणावर दगड ठेवला.