चार बोटं खोल

त्रिशलाचा पहिला फोन आला तेव्हा काहील पेटलेली,
पाचटाचा जाळ, वाफेत माणसाला माणूस दिसत नव्हता.
म्हणाली, कुंतीदादा, मी हळद लावतोय.
अकरा वर्षं झाली कोल्हापूर सुटून, तरी 'लावतोय'च म्हणते.
कुठं गं?
खिडकीत.
स्कॉटलंडात, जिथं जूनमध्येसुद्धा पोरांची टोपरी उतरत नाहीत.

बेणं एका सिल्हेटवाल्याच्या दुकानातलं,
कुठल्या मातीचं, कुणास ठाऊक.
फोटो पाठवला : स्टीलच्या वाटीत तीन गड्डे, डोळे मिटलेले.
किती खोल?
चार बोटं.
किती अंतरानं?
एक वीत.
तुझी वीत का माझी?
मी हसलो, तेवढ्यात मागनं भरमू ओरडला,
मालक, उकळी फुटली.

चाळीस दिवस डोळे उघडले नाहीत.
ती रोज माती उकरून बघायची, हे मला नंतर कळलं.
आधी कळतं तर शिव्या घातल्या असत्या.

अक्षय तृतीयेला आमची लागण चाललेली, दानोळीच्या रानात,
तर पुन्हा फोन : दादा, आपल्या मातीत ऊब किती असती?
ऊब?
आकड्यात सांग. डिग्रीत.
पन्नास वर्षं या वारणाकाठी अनवाणी गेली,
पाय सांगतील ते ऐकलं. आकडा कधी विचारला नाही.
घरी गेलो, नातवाचं ताप बघायचं काचेचं थर्मामीटर आणलं,
भर दुपारी सरीच्या बगलेत खोवलं,
बगलेतच, माणसाला लावतात तसं.
भांगलायला आलेल्या बायका हसून हसून बांधावर बसल्या.
पारा चढला, बेचाळीसला टेकला,
पुढं नळीच नव्हती.
तिला सांगितलं, बेचाळीस. त्याच्यावरचं मोजायला आपल्याकडं काही नाही.
ती गप्प झाली.
तिच्या अंगणात त्या दिवशी नऊ होते.

थर्मामीटर अजून देवळीत आहे.
सून झटकून झटकून दमली, पारा खाली येत नाही.

जुलैत पान आलं. गुंडाळलेलं, एकच.
मग दुसरं. पट्टी धरून तिनं फोटो काढला,
शेजारीण म्हणे विचारत होती, केळ का?
ही म्हणाली, नाही, लग्नात लावतात ते.

ऑक्टोबरात पानं पिवळी पडली.
मेली का रे, दादा?
म्हटलं, खुळी का तू, पिवळं पडणं म्हणजेच पिकणं.
आपली पण पडतात की पुसात.
खोटं बोललो.
पिकलं पान शेंड्याकडनं सावकाश वाळतं, चुरगाळलं की वाजतं.
थंडीनं गेलेलं ओलं असतं, उकडल्यागत लोंबतं.
फोटोत मला सगळं दिसत होतं.
पण जमिनीखालचं कुणी बघितलंय?
म्हटलं, पाणी तोड. संक्रांतीपर्यंत हात लावू नको.

संक्रांत झाल्यावर तिनं ती कुंडी पेपरवर उपडी केली.
दोन गड्डे कुजलेले.
तिसऱ्याला एक नवा, लिंबाएवढा,
आणि बगलेला दोन हळकुंडं, करंगळीच्या पेराएवढी.
एक मोडून आतला केशरी रंग कॅमेऱ्याजवळ धरला,
बराच वेळ, काही न बोलता.
चारच वाजलेले तिकडं, खिडकीत अंधार.

खायचं का लावायचं? विचारते.
आता, आमच्या आईच्या चुलीपाशी ओली हळद कधी आली नाही.
जमिनीखालचं आपल्यात चालत नाही,
वाळली की चालते.
आणि वाळवायला तिच्याकडं ऊन नाही.

मी काहिलीपाशीच उभा होतो, वर्ष फिरून तिथंच,
रात्रीचे साडेनऊ, पाचट तडतडत होतं.
म्हटलं, लाव.
मोडलेलं पण लाव, राख लावून. तोवर कोरड्या वाळूत ठेव.
किती खोल, म्हणाली,
माहीत असून.
चार बोटं, म्हटलं, तुझी,
आणि भरमूनं झाकणाचा पाला उचलला, वाफ आडवी आली.
तिला वाटलं, फोन कटला.