द्राक्षबी

कन्ना चौकातल्या आमच्या मेडिकलच्या काउंटरवर
राजव्वा म्याकलनं जपून एक बाटली ठेवली.
जांभळी. झाकणावर सोनेरी पट्टी.
साठ कॅप्सूल, द्राक्षाच्या बियांचा अर्क.
हैदराबादहून लेकीनं पाठवलेला,
शिलाईच्या पैशातला.

नान्नजची द्राक्षं खाताना
लहानपणी आम्ही बिया लांब थुंकायचो,
कुणाची भिंतीपर्यंत जाते बघायला.
आता त्याच बिया चौदाशे रुपयांना.

"रक्त साफ करतंय म्हणे. म्हातारपण थांबवतंय."
मी मागची बारीक अक्षरं वाचली, चष्मा वर करून.
मग तिचा हात बघितला.
कोपरापासून मनगटापर्यंत
जांभूळ चिरडल्यासारखे डाग.
"सूप लागलं असंल."
सुपानं एवढं लागत नाही.

छातीत धातूची झडप, सहा वर्षं झाली.
रक्त पातळ ठेवायची गोळी रोज रात्री,
चिठ्ठीवर "चुकवू नका" माझ्याच अक्षरात.
या बियाही रक्त पातळ करू शकतात, राजव्वा.
दुसऱ्या कुणाला चालतील,
दाब थोडा उतरतो असं काही अभ्यास म्हणतात,
काही म्हणत नाहीत.
पण तुमच्या गोळीवर ही नको.

"झाडाचंच हाय की वो, त्यानं काय होतंय?"

मी तिच्या बोटांकडे बघितलं.
चाळीस वर्षं पान कापून, जर्दा भरून,
दोरा गुंडाळून दिवसाला हजार विड्या.
नखांत अजून तपकिरी.
"तंबाखू पण झाडाचाच की."
ती हसली नाही.
मी जरा जास्तच बोलले.

डॉक्टरांना फोन लावला. रक्त आजच तपासा, म्हणाले,
आणि कॅप्सूल आजपासून बंद.
तिच्या वहीत गोळ्यांच्या यादीखाली लिहून दिलं:
नवीन काहीही, पाल्याचं, मुळीचं, शेजारणीनं दिलेलं,
तोंडात टाकायच्या आधी दाखवा.
"अन् लेकीला काय सांगू?"
याचं उत्तर आमच्या कुठल्याच रॅकवर नव्हतं.

तीन आठवड्यांनी आली. डाग पिवळे पडून विरत चाललेले.
लेकीचा फोन आला की म्हणते,
घेते गं, रोज घेते.
आणि कॅप्सूल?
विडी घरकुलात दाराशी तेलाचा डबा आहे, मातीचा.
त्यात एकेक उघडून ओतली.
"द्राक्षाचं बी ना ते. येईल की वेल."

दळलेलं बी उगवत नाही, हे सांगायला तोंड उघडलं
तर एक पोरगा खोकल्याचं औषध मागायला लागला.