तीन टाके

बांगडीला टोपलीत घातली,
वर दुसरी टोपली उलटी ठेवून सुंभाने बांधली
आणि हर्णैहून दापोलीची सातची एसटी धरली.
कंडक्टर म्हणाला, मासळीचं तिकीट पडेल.
मासळी म्हणाली, म्यांव.

भिकी पावसे दारातून बोललीच होती,
"मांजरीची कूस मारतेस? सात जन्म फेडशील गो."
फेडतेच आहे, भिके.
गेल्या शिमग्याला पाच झाली.
दोन बोक्याने नेली,
एक बर्फाच्या टेम्पोखाली,
एक कुठे गेलं ते मला विचारू नकोस,
तुझ्याच धाकट्याने गोणपाट मागून नेलं होतं.
पाचवं जगलं. बंदरावर एका डोळ्याने फिरतं.

मुकादम डॉक्टर म्हशींचे.
म्हणाले, मांजर कोण आणतं इथं?
मग हात धुतले, चष्मा पुसला,
तिच्या पोटावरचे केस काढले.
खाली चामडी सोललेल्या कोळंबीसारखी.
भूल चढली तरी डोळे उघडेच तिचे.
"आत्या, बाहेर बसा."

बाहेर बाकावर शाळा आठवली.
चौथीचा वर्ग, शिबिराचा बॅनर,
फरशीवर आम्ही तेरा जणी,
वाळत घातलेल्या सुकटीसारख्या.
फळ्यावर पाढा तसाच राहिलेला.
सतरा पाचे पंच्याऐंशी, तिथं माझा डोळा मिटला.
घरी येताना स्टीलची बादली मिळाली, झाकणाची.
कागदावर सही नवऱ्याची.
मला कुणी विचारलं नव्हतं.
विचारलं असतं तर हो म्हणाले असते,
ते वेगळं.

बांगडीला मी विचारलं होतं.
काल रात्री, भांडी घासताना.
ती मांदेलीकडे बघत होती.

तीन टाके.
डॉक्टरांनी पैसे घेतले नाहीत,
हलवा चांगला आला तर सांगा म्हणाले.

रात्री कौलांवर बोका आला,
खाडीपलीकडचा, फाटक्या कानाचा.
ओरडला, रागावला, मग रडकुंडीला आला.
हिने कान तेवढा वळवला
आणि जीभ टाक्यांकडे नेली.
मी हाताने थोपवली.
पुन्हा नेली. पुन्हा थोपवली.
तशाच बसलो दोघी,
भरतीचं पाणी होड्यांच्या बुडाला लागेपर्यंत.

सकाळी त्याच बादलीतून
बोयटाची डोकी काढून दिली तिला.
दोन खाल्ली.
तिसरं तोंडात धरून पडवीच्या कोपऱ्यात नेलं,
जुन्या जाळ्यावर ठेवलं
आणि दोनदा हाक मारली,
सवयीने.