दंड चार आणे

पूर ओसरल्यावर पाचव्या दिवशी
वाचनालयाचं कुलूप तोडावं लागलं.
आयर्विन पुलाखाली आकडे उतरत होते
आणि इथं गावभागात, आमच्या कपाटांत,
पुस्तकं फुगून अशी घट्ट बसलेली
की एक ओढावं तर अख्खी रांग पुढं यायची.

पेठेतली हळदीची गोदामं फुटली होती,
ते पाणी आमच्याकडून गेलेलं.
पानापानाला हळद.
थोर स्त्रियांच्या चरित्रांना तर काठोकाठ.
"बाई, ह्यांचं परत लगीन लागलं," शिपाई दगडूनाना म्हणाला.
हसलो. पाच दिवसांत पहिल्यांदा.

दोऱ्या बांधल्या. चिमटे घरून आणले.
एकेक पान पावडर लावून सुटं करायचं,
तान्ह्या पोराच्या मांडीला लावतात तसं.
शिक्के विरघळून जांभळे ढग झालेले,
देणगीदारांची नावं वाहून गेलेली,
कुठं कुठं नुसतं "सप्रेम भेट" राहिलेलं.
समासातली पेन्सिल मात्र जशीच्या तशी.

बारीक, उजवीकडं झुकलेलं अक्षर.
नवरा परदेशी गेला म्हणून बारा वर्षं
दिवा विझू न देणारी सावकाराची बायको. शेजारी:
"तेल कोण आणत होतं?"
धन्याच्या जागी तुरुंगात जाऊन बसलेली राणी:
"अंगावरचं पोर कुणापाशी?"
शीलाच्या परीक्षेसाठी उकळत्या तेलात हात घालणारी,
तिच्यावर फुलं पडतात, गंधर्व गातात:
"कोरफड लावली का कुणी?"

आणि पान एकशे अकरा.
एक दासी, जेमतेम एका ओळीपुरती.
राजा म्हणतो, सांग, राणी रात्री महालात नव्हती.
दासी म्हणते, होती.
पुढच्या ओळीपासून राजाचा पश्चात्ताप, राणीचा जयजयकार,
अडीच पानं.
"हिचं नाव?"
खाली दोन रेघा. दुसऱ्या रेघेत टोक मोडलेलं.

माळ्यावर होती म्हणून वाचली ती जुनी दंडवही.
पुस्तकावर खुणा करणे, दंड चार आणे.
वाचक क्रमांक एकशे सतरा, म्हाळसा दाजी कोष्टी,
संस्थानच्या दवाखान्यात सुईण.
सतरा वेळा. सतरा वेळा "भरला".
शेऱ्याच्या रकान्यात कारकून वैतागत गेलेला:
"स्वतः येऊन सांगितले."
"पुन्हा स्वतः येऊन सांगितले."
एकदा, "खोडरबर दिले असता घेतले नाही."

सतरा चोक अडुसष्ट आणे. सव्वाचार रुपये.
तेवढ्याला किती बाळंतपणं पडत असतील,
हिशोब करत बसले. जमला नाही.

कार्यवाह मगदूम माणूस वाईट नव्हे,
चार दिवस माझ्याबरोबर गुडघाभर चिखलात उभे होते.
म्हणाले, पंचनाम्यात चार हजार लिहा.
पैसे काय आपल्या घरी न्यायचेत?
पुस्तकंच येतील की.

मला ते पटलं. हेही इथं लिहून ठेवते.
पटलं, आणि दोऱ्यांवरची पानं पंख्यानं हलत राहिली,
ओल्या कागदाचा तो आंबूस वास,
आणि माझ्या वहीत मोजलेला आकडा:
दोन हजार तीनशे सोळा.

पेन होतं पर्समध्ये. मी पेन्सिल घेतली.
लिहिला.
"पेन्सिलीनं कशाला बाई? खोडता येतंय ते."
येतं, म्हटलं.
आणि टेबलावरचं खोडरबर त्यांच्यापुढं सरकवलं.

बराच वेळ बोटांत फिरवत बसले.
मग खिशात टाकलं, उठले,
"चहा सांगतो," म्हणाले.

पान एकशे अकरा अजून दोरीवरच आहे.
वाळलंय कधीच.
हळद तेवढी जात नाही.