दोन डॉलर कमी

सेंट जॉन्सच्या इस्पितळामागे, उतारावर,
सातव्या रांगेत माझी गाडी असायची.
फेब्रुवारीत, सव्वीस तासांची ड्यूटी संपली
की मी तिच्यात बसून राहायचे.
किल्ली हातात. इंजिन बंद.
घरी जाववत नव्हतं, परत आतही जाववत नव्हतं.
काच आतून धुरकट व्हायची,
बाहेरून तिच्यावर बर्फाची जाळी धरायची,
आणि मला वाटायचं, बरं झालं,
आता कुणाला दिसत नाही.

रडू आलं असतं तर निदान नाव देता आलं असतं.
नाव मला ठाऊक होतं, खरं तर.
लक्षणं पाठ होती, निकषांसकट,
त्या प्रश्नाला पैकीच्या पैकी मिळाले होते.
पाचव्या मजल्यावर मीच विचारत फिरायचे,
झोप कशी आहे, भूक लागते का,
कशात मन रमतं का,
आणि उत्तर लिहिताना पेन अडायचं,
जणू कुणी माझ्याच खिशात हात घातलाय.

फोगो बेटावरून आईचा फोन यायचा.
"दमलेय गं," एवढंच मी म्हणायचे.
खोटं नव्हतं ते.
इतकं सोयीचं खरं मी पुन्हा बोलले नाही.

एका सकाळी काचेवर टकटक.
लिअँडर टल्क, पार्किंगचा माणूस,
कानटोपीच्या लोकरीवर दव गोठलेलं.
मला वाटलं, दंड.
तो म्हणाला, "डॉक्टर पार्डी, मी काही विचारत नाही.
पण माझा भाऊ असाच बसायचा, बोटीत.
बोट धक्क्याला बांधलेली."
पुढचं त्याने सांगितलं नाही.
त्याने दार उघडलं, माझी बॅग खांद्याला लावली
आणि बाजूच्या जिन्याने, जिथे ओळखीचं कुणी भेटत नाही,
मला ओडेलबाईंच्या खोलीपर्यंत पोचवलं.

मग अकरा आठवडे.
पहिल्या गोळ्यांनी तोंडाला कोरड,
दुसऱ्यांनी बोटांना बारीक थरथर,
ती सुई टोचणाऱ्या माझ्या बोटांना.
माझ्या रात्री चौघांनी वाटून घेतल्या.
त्यातल्या एकीने मला अजून माफ केलेलं नाही.
तिचंही बरोबर आहे.

बरं कधी वाटू लागलं, मला सांगता येणार नाही.
मला कळलं ते मीठ.
एप्रिलमध्ये आईने धाडलेला खारा मासा,
उकडलेला बटाटा, पहिलाच घास,
आणि एकदम खारट!
मी खुर्ची सारून उभीच राहिले,
जणू स्वयंपाकघरातून कुणी हाक मारली.
मग बसले. पाणी प्याले.
पुढचे चार दिवस पुन्हा सगळं पिठासारखं.

आता अर्धा दिवस काम.
पेजर वाजला की पोटात अजून गोळा येतो,
पण पाय आपले चालू लागतात.
परवा पार्किंगची थकबाकी भरायला गेले
तर खिडकीतली मुलगी म्हणाली, काहीच बाकी नाही,
फेब्रुवारीचे सगळे तास भरलेले आहेत,
सुट्ट्या नाण्यांनी.

मी पाकिटात पैसे घातले, टल्कच्या केबिनीत गेले.
वाटलं होतं, नको म्हणेल.
त्याने हातमोजे काढले,
चष्मा लावला, एकेक नाणं टेबलावर मांडत मोजलं,
आणि वर बघून म्हणाला,
"दोन डॉलर कमी आहेत."

पर्समध्ये एक नाणं नव्हतं.
आणि मला हसू फुटलं.
आवाज कसला, गंजल्या बिजागरीचा,
मीच दचकले.
"उद्या द्या," तो म्हणाला,
आणि रेडिओ लावला. बंदराच्या तोंडाशी
हिमनग आलाय म्हणे, लोक गाड्या थांबवून बघतायत,
तिकडच्या रस्त्याला नुसता खोळंबा.

ते दोन डॉलर मी अजून दिलेले नाहीत.
रोज सकाळी गाडी आत शिरते
आणि तो केबिनीच्या काचेतून
काही न बोलता
दोन बोटं दाखवतो.