पाणसळ

माझ्या बापाकडे वीस मीटर पारदर्शक नळी होती.
आत पाणी. पाण्यात बुडबुडा शिरला की शिवी.
एक टोक त्याच्या हातात, दुसरं माझ्या,
मध्ये अर्धवट बांधलेली भिंत,
आणि पलीकडून त्याची हाक : "थांबलं का?"
मी नऊ वर्षांची.
पाणी निवेपर्यंत श्वास धरून उभी असायचे.

आता माझ्याकडे हा डबा आहे,
दोन हप्ते अजून फेडायचे आहेत.
तिपाईवर ठेवायचा, खटका सोडायचा.
आत एक लोलक जरासा झुलतो,
कूस बदलून झोपी जाणाऱ्यासारखा स्थिरावतो,
आणि चारी भिंतींवर हिरवी रेघ.
हाक मारायला पलीकडे कुणी लागत नाही.

त्लावाक. इथे पूर्वी तळं होतं.
मेक्सिको शहर खालचं पाणी उपसतं
आणि दरसाल थोडं आणखी खाली बसतं.
दोन्या ऑर्तेन्सियाचं स्वयंपाकघर :
फरशी बदलायची, ओटा, वर कपाटं.
खिडकीपाशी रेघ चौकटीला टेकली,
फ्रीजपाशी चार बोटं सुटली,
बेसिनच्या कोपऱ्यात टेप लावला :
अकरा सेंटिमीटर.

"यंत्र बिघडलंय," दोन्या म्हणाली.
बाप पालथ्या बादलीवर बसला होता,
गुडघे गेल्यापासून तो फक्त बघायला येतो.
"उलटं फिरवून खूण कर," तो म्हणाला.
केली. खूण खुणेवरच पडली.
तरी त्याने पिशवीतून नळी काढलीच.
नळ कोरडा होता, मंगळवारी पाणी येत नाही,
म्हणून पिण्याच्या जारमधलं भरलं.
एक टोक त्याने धरलं, दुसरं मी.
पाणी वर गेलं, खाली आलं, पुन्हा थोडं वर,
आणि हिरव्या रेघेला येऊन मिळालं,
केसाचाही फरक नाही.
तो काही बोलला नाही.
पाणी मात्र सांडू न देता परत जारमध्ये ओतलं.

दोन्याने मग टेबल दाखवलं,
एका पायाखाली तीन डॉमिनो.
पलंगाच्या उशाला वीट.
पोरांचा चेंडू नेहमी त्याच कोपऱ्यात जायचा,
तिला वाटायचं, पोरांनाच तो कोपरा आवडतो.
"म्हणजे चाळीस वर्षं मी तिरकी उभी आहे?"
मी म्हटलं, तुम्ही सरळच उभ्या होतात, घर कललंय.
तिने रेघेकडे बघितलं, परक्या पाहुण्याकडे बघावं तसं.
"मग कपाटं हिच्यावर नको बसवूस.
छताशी जुळव.
मला जे सरळ दिसतं ते सरळ."

ओटा मी रेघेवर बांधला, अंडी घरंगळू नयेत म्हणून.
कपाटं छताला धरून.
दोहोंच्या मध्ये जी पाचर उरली
तिच्यात टाइल्स कापून बसवल्या, एकतीस तुकडे,
एकाची उंची दुसऱ्याला नाही.
दोन दिवस कटरचा धुरळा, दातांत सुद्धा.
गल्लीतून टँकर गेला की रेघ शहारायची,
मी हात थांबवायचे,
ती पुन्हा जागेवर यायची.
जाताना दाराआड पेन्सिलने ओढून ठेवली,
खाली तारीख.

वर्षाने गेले, बेसिनचा सांधा गळत होता म्हणून.
उगाचच डबा लावला.
एका टोकाला पेन्सिल आणि उजेड एकमेकांवर,
दुसऱ्या टोकाला पेन्सिल नऊ मिलिमीटर खाली.
माझ्याच हातची रेघ, बिनचूक,
आता वाकडी.
दोन्या बीन्स निवडत होती, वर न बघता म्हणाली,
"तुझ्या टाइल्स छान आहेत, धुवायला सोप्या."

रात्री बापाला सांगितलं.
तो टीव्हीचा आवाज कमी करून म्हणाला,
"थांबलं का?"

मी डब्याचं लोलक कुलपात घातलं.
चार्जिंगला लावला.